लग्नाची कॅसेट, काळवंडलेला चुडा आणि चौकोनी अक्षता: व्हिडिओ कॉम्प्रेशनबद्दल मदत हवी आहे

मृद्गंध

नमस्कार मंडळी. आईबाबांचं लग्न १९९३ सालचं. त्याची व्हीएचएस कॅसेट इतकी वर्षं लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. गेल्या महिन्यात एका दुकानातून ती डिजिटल करून घेतली. कॅसेट तीन तासांची, फाइल मिळाली १.४ जीबीची. दुकानदार म्हणाला, "ताई, फुल एचडी करून दिलंय."

घरचे सगळे एकत्र बसून बघायला लागलो आणि दहा मिनिटांत आई गप्प झाली. मग म्हणाली, "माझा चुडा असा नव्हता गं." हिरवाकंच चुडा काळपट शेवाळी दिसतोय, कुंकू शेंदरी दिसतंय. हात हलला, मान वळली की कडेला कंगव्याचे दात उमटतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात त्या दोनतीन सेकंदांत अख्खं चित्र चौकोन चौकोन होतं. त्याच गर्दीत डावीकडे माझी आजी उभी आहे. ती २००१ साली गेली. तिचं हलतंबोलतं चित्र आमच्याकडे एवढंच आहे.

कॅसेट खराब झाली आहे की फाइल? दोन प्लेअर बदलून पाहिले, तेच दिसतं. आहे ती फाइल दुरुस्त होते का? तांत्रिक भाग समजून घ्यायची तयारी आहे, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

सातारकर

ताई, मी १९९० पासून पंधरा-सोळा वर्षं लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं. अक्षतांच्या वेळी कॅसेटवर चौकोन येत नाहीत. टेपला काही झालं तर पांढऱ्या आडव्या रेघा येतात, चित्र डुलतं, रंग सांडतो, खाली पट्टा फाटल्यासारखा दिसतो. चौकोन हा डिजिटलचा आजार. तुमची कॅसेट बहुतेक ठीक आहे. कोणालाही परत देण्याआधी झाकण उचलून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी धरली आहे का तेवढं बघा. बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप जाईल आणि मशीनचं हेडही.

वाटसरू

अगदी हेच आमच्या मुंजीच्या कॅसेटचं झालंय. वाचतोय.

कासव

मी पुण्यात गेली बारा वर्षं व्हिडिओ डिकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारे प्रोग्रॅम, लिहिण्याचं काम करतो, म्हणून थोडं मोठं लिहितो.

मृद्गंध, तुम्ही तीन तक्रारी सांगितल्या आहेत: रंग, कंगवा, चौकोन. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. यातली एक आजच्या आज दुरुस्त होईल असा माझा अंदाज आहे. खात्रीसाठी 'मीडियाइन्फो' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि व्हिडिओच्या रकान्यात रुंदी, उंची, फ्रेमरेट, स्कॅनचा प्रकार आणि रंगाबद्दल काही लिहिलं आहे का ते इथे द्या.

तोवर चौकोनांबद्दल सांगतो. तुमच्या कॅसेटवरून डिजिटल केलेल्या चित्राचा मूळ आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. काहीही न दाबता साठवलं तर सेकंदाला साधारण १२४ मेगाबिट होतात, म्हणजे तासाला ५६ जीबी. तुमची फाइल सेकंदाला जेमतेम १ मेगाबिटची आहे. एवढं दाबणं शक्य होतं कारण व्हिडिओत बहुतेक गोष्टी मागच्या फ्रेममधून उचलता येतात. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम, चित्राचे चौकोन पाडतो, एच.२६४ या दाबण्याच्या पद्धतीत १६ बाय १६ पिक्सेलचे, आणि प्रत्येक चौकोनासाठी मागच्या फ्रेममध्ये तसाच तुकडा शोधतो. सापडला तर फक्त "तिथून एवढं सरकवून घे" एवढंच लिहितो. हे सरकणं पाव पिक्सेलपर्यंत बारीक मोजलेलं असतं. मग उरलेला फरक तेवढा पाठवायचा.

मांडवाचा खांब, भिंत, बसलेली माणसं, सगळं असं जवळपास फुकटात मिळतं. कॅमेरा सावकाश फिरला तरी मिळतं. पण अक्षता? प्रत्येक दाणा आपल्या वाटेने चाललेला, आकाराला दोन पिक्सेल, पुढच्या फ्रेममध्ये भलतीकडेच. मागच्या फ्रेममध्ये त्या जागी तसा तुकडा नसतोच. शोध वाया जातो आणि उरलेला फरक म्हणजे जवळजवळ अख्खं चित्र. त्या क्षणाला एरवीच्या दहापट बिट हवे असतात. एन्कोडरला ठरावीक बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट, बांधून दिला असेल तर देणार कुठून? मग तो बारकावे पुसून टाकतो आणि चौकोनांचे सांगाडे उघडे पडतात. कोडेकची, म्हणजे दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीची, चाचणी घ्यायची तर आमच्या लग्नांतल्या अक्षतांइतका कठीण प्रसंग शोधून सापडणार नाही, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतोय.

अंतरपाटाचंही असंच आहे, फक्त तिथे सुटका आहे. अंतरपाट खाली जातो तसा मागचा नवरदेव दिसू लागतो. तो मागच्या कुठल्याच फ्रेममध्ये नाही, कारण तिथे कापड होतं. पण पुढच्या फ्रेममध्ये आहे! म्हणून बी-फ्रेम असतात. एन्कोडर आधी पुढची फ्रेम लिहून टाकतो आणि मधल्या फ्रेम दोन्ही बाजूंनी उचलून भरतो. डिकोडर त्या उलट्या क्रमाने उलगडतो आणि दाखवताना क्रम लावून देतो. घाईत चालणारे स्वस्त एन्कोडर बी-फ्रेम वापरतच नाहीत किंवा जेमतेम वापरतात.

मृद्गंध

कासव, किती छान समजावलंत! अंतरपाट आता कायम लक्षात राहील.

मीडियाइन्फोत असं दिसतंय: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, स्कॅनचा प्रकार प्रोग्रेसिव्ह, एच.२६४, ८ बिट, ४:२:०. रंगाबद्दल काहीही लिहिलेलं नाही, त्या ओळीच नाहीत. आणि हो, सगळे जरा आडवे ताणल्यासारखे दिसतात, ते सांगायचं राहिलं.

कासव

मला हाच संशय होता. आता चुड्याचं सांगतो.

फाइलमध्ये लाल-हिरवा-निळा असे रंग साठवलेले नसतात. एक आकडा उजेडाचा आणि दोन आकडे रंगछटेचे असतात. डोळ्याला छटेचे बारकावे कमी कळतात म्हणून ४:२:० मध्ये चार पिक्सेलना मिळून छटेची एकच जोडी ठेवतात. निम्मी बचत तिथेच होते. दाखवताना या आकड्यांचे परत लाल-हिरवा-निळा करावे लागतात आणि त्याची सूत्रं दोन आहेत: जुन्या टीव्हीसाठी बीटी.६०१, एचडीसाठी बीटी.७०९. दोन्हींतले गुणक वेगळे.

तुमच्या कॅसेटचे आकडे ६०१ चे आहेत. दुकानात चित्र १०८० पर्यंत ताणलं, पण आकडे ७०९ मध्ये बदलले नाहीत आणि फाइलवर लेबलही लावलं नाही. लेबल नसेल तर प्लेअर आकारावरून अंदाज बांधतो. उंची १०८० दिसली की तो ७०९ धरतो. ६०१ चे आकडे ७०९ ने उलगडले की लाल केशरीकडे झुकतो आणि हिरवा काळवंडतो. आईंनी नेमकं तेच सांगितलं होतं. त्यांची आठवण बरोबर होती.

याला चित्राला हात लावावा लागत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये एच२६४_मेटाडेटा नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. त्यात मॅट्रिक्स कोइफिशंट्सची किंमत ५ द्या आणि व्हिडिओ आहे तसा 'कॉपी' करायला सांगा. तीन तासांची फाइल मिनिटभरात तयार होईल, कारण एकही पिक्सेल नव्याने दाबला जात नाही, फक्त लेबल चिकटतं. सगळेच टीव्ही हे लेबल वाचत नाहीत, पण संगणकावरचे चांगले प्लेअर वाचतात. आडवं ताणलेलंही अशाच लेबलने सुधारतं, ४:३ दाखव म्हणून सांगायचं.

कंगव्याचं मात्र वाईट झालं आहे. व्हीएचएसवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात, ५० अर्धी असतात. एकदा विषम ओळी, मग १/५० सेकंदाने सम ओळी. ही अर्धी म्हणजे फील्ड. ती वेगळी काढून मग चित्र मोठं करायला हवं. दुकानात दोन्ही फील्ड एकात एक असतानाच ५७६ ओळींच्या १०८० केल्या. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या. आता त्या सोडवता येणार नाहीत. दुधात पाणी मिसळल्यावर वेगळं काढता येत नाही तसं.

आणि 'फुल एचडी'चा तोटा बघा. १९२० बाय १०८० मध्ये ७२० बाय ५७६ च्या बरोबर ५ पट पिक्सेल आहेत. १६२० चौकोनांचं चित्र ८१६० चौकोनांचं झालं, पण कॅसेटमध्ये होतं त्यापेक्षा एक कणही जास्त तपशील आला नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेला साधारण २४० रेषांइतकाच बारकावा असतो, रंगाचा तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तेवढ्याच तुटपुंज्या बिटांत पाचपट चौकोन सांभाळायचे. अक्षतांच्या वेळी काय होणार होतं ते ठरलेलंच होतं.

तर माझं स्पष्ट मत: लेबल लावून घ्या, पण समाधान मानू नका. कॅसेट पुन्हा उतरवून घ्या.

मृद्गंध

केलं! एक तास झटापट केली, पण झालं. चुडा हिरवा झाला. आईला हाक मारून दाखवला. ती स्क्रीनजवळ येऊन बघत राहिली, मग म्हणाली, "हा, हा माझा."

ओवी

मृद्गंध, वाचून डोळे भरून आले.

कासव, एक शंका. एकच फाइल माझ्या फोनवर भडक दिसते, लॅपटॉपवर फिकट, काळा रंग तर राखाडी. म्हणजे एकाचा डिकोडर चुकतोय ना? आपल्या हातात चांगला डिकोडर निवडणं असतं का?

कासव

ओवी, नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

एच.२६४ हे मानक २००३ साली आलं. त्यात डिकोडरने काय करायचं हे शेवटच्या बिटापर्यंत ठरवून दिलेलं आहे. एन्कोडर कसाही लिहा, त्याला मोकळीक आहे. डिकोडरला नाही. तीच फाइल दिली तर जगातल्या प्रत्येक डिकोडरमधून तंतोतंत तेच आकडे बाहेर पडले पाहिजेत. 'जवळपास तेच' चालत नाही. आमच्याकडे कामाची रीतच अशी आहे: चाचणीसाठी ठरलेल्या फाइली उलगडायच्या, प्रत्येक फ्रेमचा एमडी५, म्हणजे आकड्यांवरून काढलेली बोटाच्या ठशासारखी खूण, काढायचा आणि तो जुळवायचा. एका फ्रेमचा एक पिक्सेल एकाने चुकला तरी चाचणी नापास. एच.२६५ मध्ये तर प्रत्येक फ्रेमबरोबर तिची अशी खूण फाइलमध्येच ठेवायची सोय आहे.

एवढा कडकपणा का, याचं उत्तर एमपेग-२ या जुन्या मानकात आहे. चौकोनाचे पिक्सेल जसेच्या तसे न लिहिता त्यांचं डीसीटी नावाचं रूपांतर करतात. म्हणजे चौकोनातला सरासरी उजेड, सावकाश बदलणारा भाग, भरभर बदलणारा भाग असे वेगळे काढतात. भरभर बदलणाऱ्या भागाचे आकडे भरड केले तरी डोळ्याला फार कळत नाही. डीसीटीमध्ये कोसाइन आले, म्हणजे अपूर्णांक आले. एमपेग-२ मध्ये उलट रूपांतरात अमुक इतकी चूक चालेल अशी मुभा होती. प्रत्येक कंपनीची चिप अपूर्णांकांची गोळाबेरीज किंचित वेगळी करायची. एका फ्रेममधली ती चूक दिसतही नाही. पण पुढची फ्रेम त्यावर, तिच्यावर तिच्या पुढची... चूक साठत जाते आणि चित्र हळूहळू घसरतं. म्हणून नियम करावा लागला होता की कुठलाही चौकोन सलग १३२ वेळा मागच्यावरून उचलला की एकदा मुळापासून पाठवायचाच.

एच.२६४ ने हा प्रश्नच मिटवला. कोसाइनच्या ऐवजी १ आणि २ असे पूर्णांक घेऊन ४ बाय ४ चं रूपांतर बसवलं. उलगडताना नुसत्या बेरजा, वजाबाक्या आणि बिट सरकवणं. गोळाबेरजेत मतभेदाला जागाच नाही. अचूकता वाढली आणि काम हलकंही झालं. एकाच फटक्यात दोन्ही साधणं आमच्या क्षेत्रात फार कमी वेळा घडतं, आणि हे काम मला अजूनही सुंदर वाटतं.

मग तुमच्या दोन स्क्रीन वेगळ्या का? फरक उलगडल्यानंतर पडतो. व्हिडिओत काळा ० नसतो, १६ असतो, पांढरा २३५. एखादा प्लेअर तो ताणून ० ते २५५ करायला विसरला की काळा राखाडी दिसतो. तुमच्या लॅपटॉपवर तेच चाललंय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असा पर्याय शोधा. फोनचा भडकपणा बहुधा स्क्रीनच्या 'व्हिव्हिड' मोडमुळे.

डीसीटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ही कल्पना नासिर अहमद यांची. जन्म १९४० सालचा, बेंगळुरूचे, इंजिनिअरिंगची पदवीही तिथलीच, पुढचं शिक्षण अमेरिकेत, मग तिथेच कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी यावर संशोधनासाठी सरकारी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी वाटते असा एका परीक्षकाचा शेरा होता. तरी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज तुमच्या फोनमधला प्रत्येक जेपीईजी फोटो याच कल्पनेवर उभा आहे, आणि हलती चित्रंही जवळजवळ सगळी.

ओवी

सेटिंग सापडलं. काळा आता काळा आहे! खूप आभार.

सातारकर

कासवरावांचं वाचून इतक्या वर्षांनी कळलं की आम्ही हॅलोजन लावून का काढायचो. म्हणजे आम्हाला दिसायला उजेड हवा म्हणून लावायचो, पण अंधारात टेपवर जी मुंगी, म्हणजे वळवळणारे ठिपके, यायची तिचा आता त्रास होत असणार.

मृद्गंध ताई, कॅसेट उतरवायची तर माझे शब्द ध्यानात ठेवा. इतकी वर्षं पडून असलेली टेप थेट प्ले करायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे चिकटलेले थर मोकळे होतात आणि ताण सारखा बसतो. व्हीसीआरचं हेड साफ हवं. ट्रॅकिंग हाताने जुळवायचं, सुरुवातीला एकदा आणि मध्ये शॉट बदलला की परत. व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ती वायर वापरा. आणि टाइम बेस करेक्टर असलेला व्हीसीआर मिळाला तर सोन्याहून पिवळं. व्हीएचएसमध्ये प्रत्येक ओळ किंचित पुढेमागे होते, उभा खांब नागमोडी दिसतो. करेक्टर ती ओळ जागेवर बसवतो.

तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडे असाल तर माझं मशीन अजून चालू आहे.

कासव

सातारकरांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. नागमोडी खांब एन्कोडरला स्थिर वाटतच नाही. प्रत्येक फ्रेममध्ये तो थोडा हललेला असतो, त्यामुळे फुकटात मिळणारा भागही विकत घ्यावा लागतो. करेक्टर लावल्यावर चित्र सुधारतंच, शिवाय फाइलही लहान होते. मुंगीचंही तसंच, ती कधी मागच्या फ्रेमसारखी नसते.

कॅप्चर करताना थेट एमपी४ करू नका. एफएफव्ही१ मध्ये घ्या. त्यात काहीही गमावत नाही, उलगडल्यावर एकेक पिक्सेल जसाच्या तसा. जगभरातली अभिलेखागारं तो वापरतात आणि २०२१ मध्ये त्याचं अधिकृत वर्णनही इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ९०४३ म्हणून आलं. फील्ड तशाच राहू द्या, आकार ७२० बाय ५७६, रंग ४:२:२, म्हणजे दर दोन पिक्सेलना छटेची एक जोडी. हे तुमचं मूळ. बघण्याची प्रत त्यावरून करायची, आणि ती आवडली नाही तर पुन्हा करायची.

अभ्रक

बघण्याच्या प्रतीसाठी एच.२६४ कशाला? २००३ चं तंत्र आहे. एच.२६५ तेवढ्याच दर्जाला साधारण निम्म्या बिटांत भागवतो, २०१३ पासून आहे. एव्ही१ २०१८ पासून आहे आणि परवाना शुल्काची कटकट नाही. शिवाय एव्ही१ मध्ये दाणेदारपणा वेगळा काढून नुसती त्याची वर्णनं पाठवता येतात, डिकोडर दाणे परत तयार करतो. टेपच्या मुंगीवर याहून चांगला उपाय नाही.

कासव

अभ्रक, मोठ्या स्वच्छ चित्राला तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. ४के चित्रीकरणासाठी मी स्वतः एव्ही१ वापरतो, आणि व्हिडिओलॅनच्या डेव्हिड नावाच्या डिकोडरने ते साध्या संगणकावरही सहज चालतं. त्या मंडळींनी डिकोडरचे कळीचे भाग हाताने असेंब्लीत लिहिले आहेत. त्यातला प्रत्येक तुकडा साध्या सी मधल्या आवृत्तीशी पडताळून पाहण्याची त्यांची व्यवस्था आहे. वेग वाढवताना अचूकता कशी सांभाळायची ते तिथे शिकावं.

पण नव्या कोडेकची बरीचशी कमाई मोठ्या चौकोनांतून येते. एच.२६५ मध्ये ६४ बाय ६४, एव्ही१ मध्ये १२८ बाय १२८ पर्यंत. ७२० बाय ५७६ च्या गजबजलेल्या मांडवात एवढा मोठा एकसारखा तुकडा मिळतो कुठे? फायदा आहे, पण कागदावर दिसतो तेवढा नाही. शिवाय फील्डवाल्या चित्रासाठी एच.२६४ मध्ये खास सोयी होत्या, त्या पुढच्या दोघांनी सोडून दिल्या.

दाण्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. दाणे काढायचे म्हणजे आधी गाळणी लावायची. एखाद्या फ्रेममध्ये क्षणभर दिसून नाहीसा होणारा ठिपका म्हणजे गाळणीच्या दृष्टीने मुंगी. अक्षताही तशीच दिसते! मी एका लग्नाच्या चित्रणावर जोरदार गाळणी लावून पाहिली आहे. हवेतल्या निम्म्या अक्षता गायब झाल्या. लोकांचे हात उडतायत आणि हातांतून काही सुटतच नाही. सिनेमाच्या रिळावर ही युक्ती शोभते. इथे गाळणी लावायचीच तर अगदी हलकी, आणि अक्षतांचा भाग डोळ्यांनी तपासून.

अभ्रक

अक्षतांचं डोक्यात आलं नव्हतं. मान्य. मग दर्जा मोजणार कसा? पीएसएनआर, एसएसआयएम, व्हीएमएएफ काढून तुलना करायची का?

कासव

काढा, पण त्यांच्या भरवशावर निर्णय सोडू नका. पीएसएनआर म्हणजे नुसता पिक्सेलपिक्सेलमधला फरक. मुंगी पुसून गुळगुळीत केलेला चेहरा त्याला आवडतो, कारण चुकीचा दाणा ठेवण्यापेक्षा दाणा नसणं गणिताने कमी चूक ठरते. माणसाला मात्र तो मेणाचा पुतळा वाटतो. म्हणून एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर डोळ्याला बरं वाटावं यासाठी काही गोष्टी मुद्दाम करतो, त्याने पीएसएनआर उतरतो आणि चित्र सुधारतं. व्हीएमएएफ, जो नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केला, बराच शहाणा आहे, पण त्याची नेहमीची घडण १०८० च्या पडद्यासाठी आहे. जुन्या टेपवर त्याचा आकडा मी सावधपणेच वाचेन.

माझी रीत अशी: सगळ्यात कठीण वीस सेकंद निवडायची, इथे अक्षता, आणि मांडवाचा एखादा अंधारा कोपरा. तेवढेच वेगवेगळ्या सेटिंगने दाबून मूळ चित्राशेजारी ठेवून बघायचे.

मृद्गंध, तुमच्यासाठी सेटिंग: आधी बीडब्ल्यूडिफ फिल्टरने फील्ड सोडवा आणि प्रत्येक फील्डची एक फ्रेम करा, म्हणजे सेकंदाला ५० होतील. २५ केल्या तर निम्मी हालचाल फेकून दिल्यासारखं होतं. फील्डचा क्रम उलटा लागला तर चालणारा माणूस पुढेमागे थरथरताना दिसेल, मग क्रम बदला. त्यानंतर एक्स२६४, ८ बिट, ४:२:०, प्रीसेट व्हेरीस्लो, सीआरएफ १८. बिटरेट बांधून देऊ नका. सीआरएफ म्हणजे दर्जा सांगायचा आणि बिट लागतील तेवढे घेऊ द्यायचे. भाषण चालू असताना थोडे, अक्षतांना भरपूर. आकडा साधारण ६ ने वाढवला की फाइल निम्मी होते असा ढोबळ हिशेब आहे. संथ प्रीसेटने जास्त शोधाशोध होते, तेवढाच दर्जा कमी बिटांत मिळतो. वेळ तुमचा एकदाच जातो. रंगाची लेबलं या वेळी विसरू नका.

वाटसरू

एक अनुभव. मी हौसेने १० बिटमध्ये एच.२६४ केलं, पट्टे कमी येतात म्हणून. संगणकावर छान, पण काकांच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर चित्रच आलं नाही, नुसता आवाज.

कासव

बरोबर. टीव्ही आणि फोनमध्ये उलगडायचं काम एका ठरीव सर्किटकडे असतं, म्हणून बॅटरी टिकते. एच.२६४ साठी ते सर्किट बहुतेक ठिकाणी ८ बिटचंच असतं. १० बिट हवं तर एच.२६५ घ्या, त्याचं १० बिट बऱ्याच नव्या टीव्हींना जमतं. वयस्कर मंडळींकडे जाणारी प्रत मी नेहमी साधी ८ बिट एच.२६४ ठेवतो.

आणि मेसेजिंग ॲपवरून पाठवताना व्हिडिओ म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की ॲप तो पुन्हा दाबतं. दाबलेल्यावर दाबलं की आधीच्या चौकोनांच्या कडा खरा तपशील समजून जपल्या जातात आणि खरा तपशील जातो.

मृद्गंध

दीड महिन्याने लिहितेय. बाबांना घेऊन सातारकर काकांकडे गेले होते. त्यांनी अख्खा दिवस दिला आणि पैसे घेतले नाहीत. गुंडाळायला लावलेली टेप मध्येच थांबवून त्यांनी कापसाने हेड पुसलं, मग ट्रॅकिंगचं चाक अर्धा केस फिरवावं तसं फिरवत बसले. एका ठिकाणी चित्र थरथरायचं थांबलं आणि बाबा म्हणाले, "अरे, हा तर आमचा बंडू." मागच्या फाइलमध्ये तो माणूस ओळखूच येत नव्हता.

एफएफव्ही१ फाइल ९० जीबीच्या आसपास झाली. ती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे, एक भावाकडे. बघण्याची प्रत कासव यांनी सांगितल्याप्रमाणे केली. ५ लाख ४० हजार फ्रेम, माझ्या लॅपटॉपला साडेपाच तास लागले. फाइल पावणेसहा जीबीची. गाळणी हलकी लावून एक प्रत केली, ती चार जीबीची झाली, पण अक्षतांपाशी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि बिनगाळणीचीच ठेवली.

आता अक्षता दिसतात. दाणे वेगळे दिसतात. आजीने उजवा हात वर नेला आहे, मूठ उघडते, आणि ती अक्षता टाकून झाल्यावर पदराने डोळे पुसते. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या फाइलमध्ये त्या जागी नुसते तपकिरी चौकोन होते. आईने तो भाग चार वेळा मागे घेऊन पाहिला.

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

ओवी

मृद्गंध, शब्द नाहीत.

कासव

खूप बरं वाटलं. एकच करा, एफएफव्ही१ फाइलचा एमडी५ काढून दोन्ही डिस्कवर मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. वर्षातून एकदा परत काढून जुळवा. डिस्क गुपचूप खराब होते तेव्हा त्यातूनच कळतं.

सातारकर

ताई, कॅसेट टाकू नका हं. पूर्ण मागे गुंडाळून, कव्हरमध्ये घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. आडवी ठेवली की टेपची गुंडाळी खाली बसते आणि कड दुमडते. साड्यांच्या घडीखाली तर मुळीच नको.

मृद्गंध

काका, आजच उभी ठेवली. बाबांनी तिच्यासाठी पुस्तकांच्या कपाटात जागा केली आहे.